मग ठीक आहे

दुपारी दूध उतू गेलं. गॅस बारीक होता, मी समोर उभी होते, पातेल्याकडे बघतही होते. डोकं तेवढं दुसरीकडे होतं. फस्स झालं आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "गाढव आहेस गाढव! एक काम धड करशील तर शपथ."

मोरीतला नळ बंद झाला. भांडी घासणाऱ्या मावशी ओले हात घेऊन दारात आल्या.

"मला म्हणालात काय ताई?"

"अहो नाही हो, तुम्हाला कशाला म्हणेन? मी मलाच."

"हां. मग ठीक आहे." नळ पुन्हा सुरू.

ओटा पुसता पुसता ते 'मग ठीक आहे' काही डोक्यातून जाईना. गेल्या महिन्यात मावशींच्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा मी काय म्हणाले होते? "असू दे, पायाला लागलं नाही ना?" वर चहा टाकला. आणि माझ्या हातून वाटीभर दूध गेलं तर मी थेट जनावरांत.

अशी बोलणी मी दिवसाकाठी किती खाते, कधी मोजली नाहीत. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर २०२३च्या डिसेंबरात बदलले. पश्चिम रेल्वेच्या नंबरांना जोडून ते आता ८ ते १४ असे आहेत. माझे पाय अजून जुन्या नंबरांवर चालतात. चुकीचा जिना उतरले की परत चढताना पायरीपायरीला एकेक शेलका शब्द. हाच घोटाळा एखाद्या आजींनी केला, तर त्यांची पिशवी घेऊन, हात धरून मी त्यांना योग्य फलाटावर सोडून येईन. आणि मग माझी गाडी चुकली म्हणून स्वतःला झापेन.

ही बोलणी नीट ऐकली तर त्यात एक अक्षर फार येतं. च. मला जमणारच नाही. मी आहेच अशी. नेहमी माझंच चुकतं. एवढंसं अक्षर, पण खिळ्यासारखं. ठोकलं की वाक्य जागचं हलत नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचं सगळं भांडण जणू या च शीच आहे. 'झालं तर बरं' इथपर्यंत माणूस शहाणा असतो, 'झालंच पाहिजे' आलं की दुखणं सुरू. हे गृहस्थ स्वतः भर व्याख्यानात शिव्या हासडत म्हणे, त्यामुळे मला ते घरचे वाटतात. एकदा मी ठरवलं, आठवडाभर च वापरायचा नाही म्हणजे नाहीच. मोहीम तिथेच संपली.

विषय मुळात निघाला तो डॉक्टरीणबाईंकडे. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दाखवायला गेले होते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि त्या मुदतीत रक्तात फिरलेली साखर हिमोग्लोबिनला चिकटून राहते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून या परीक्षेत पास होता येत नाही. मी केला होता. आकडा ७.८ आला. खुर्चीत टेकायच्या आत मी सुरुवात केली. मी आळशी, गणपतीत मोदक मोजले नाहीत, चालायला जात नाही, माझ्याच्याने काही व्हायचं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे रोज चालतं मनात?"

"रोज असं नाही. मधूनमधून." मग खरं बोलले. "दिवसभर."

"ताण आला की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मोदकांचं मी समजू शकते, पण या बोलण्यांचं काय करू? आणि एवढं झापून घेतल्यावर गेलात का चालायला?"

गेले नव्हते. चिवड्याचा डबा उशाशी घेऊन पडले होते. स्वतःला नालायक म्हटल्यावर माणूस तडक उठून शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला लागतो, असं मला का वाटत होतं कोण जाणे.

गोळी तीच ठेवून त्यांनी सांगितलं, स्वतःला नावाने हाक मारून बोलत जा, परक्या माणसाशी बोलावं तसं. नावाचं माझ्या बाबतीत जमेना. लहानपणी पूर्ण नाव ऐकू आलं म्हणजे प्रगतिपुस्तक सापडलेलं असायचं. मग मी अहो-जाहो करून पाहिलं. "अहो, गाढव आहात तुम्ही." करून बघा, जमत नाही, गाढव म्हणायचा सगळा जोर 'आहात'पाशी येऊन बसतो. त्या दिवसापासून बरं चाललंय. म्हणजे आज दुपारपर्यंत चाललं होतं.

आजी दिवेलागणीला आम्हाला मनाचे श्लोक म्हणायला बसवायची. २०५ श्लोक, आमचं लक्ष वरणभाताकडे. पण पहिला गणपतीचा श्लोक झाला की दुसऱ्यात मनाला जी पहिली हाक येते ती 'सज्जना' अशी. पुढे समर्थ त्याला काय काय सुनावतात ते आहेच. आधी मात्र सज्जना. हे माझ्या आज लक्षात आलं, पन्नाशी उलटल्यावर.

मनातला हा खडूस आवाज नेहमी कुणाचा तरी असतो म्हणतात, मास्तरांचा, वडिलांचा. मी शोधून पाहिला. आई तर मला कधी लागेलसं बोलली नाही. ती स्वतःला बोलायची. "मी मेली विसरलेच." "माझं मेलीचं लक्षच कुठे असतं." आमटी खारट झाली की हात मेले, निरोप राहिला की डोकं मेलं. कुणाला रागावून नाही, पोळ्या लाटता लाटता, गाणं गुणगुणावं तसं. घरात कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. ती स्वतःलाच म्हणतेय ना, मग ठीक आहे. मी ओट्याशेजारी पाटावर बसून पाढे पाठ करत असे. पाढे सतराच्या पुढे गेले नाहीत. बाकीचं पाठ झालं.

दादर स्टेशनवर तेव्हा ते लाल रंगाचं वजनाचं यंत्र होतं. रंगीत दिवे लुकलुकायचे, चक्र गरगरायचं. नाणं टाकलं की खट्ट आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. दिवे थांबायच्या आत नाणं टाकलं तर वजन चुकतं, असं आम्हा मुलांचं शास्त्र होतं. मंडईतून परतताना आई हमखास चढायची. पिशवी खाली ठेव म्हटलं तर म्हणायची, "कुणी उचलली म्हणजे? धरू किलो-दोन किलो पिशवीचे." तिकिटावर हिंदीत भविष्यही असे. आपण दयाळू आहात, आपण सगळ्यांसाठी झिजता, पण कुणाला त्याची कदर नाही, असं काहीतरी. भविष्य मी मोठ्याने वाचायचे. त्या यंत्राएवढं अदबीने आईशी बोललेलं मी कुणाला ऐकलं नाही. ती ते ऐकायचीच नाही. आकडा बघून म्हणायची, "बघ, किती सुटलेय मेली मी." आणि गाडीत शिरायची घाई करायची.

मावशी काम आटपून गेल्यावर मी कपाटातून आईची तपकिरी पर्स काढली. आतल्या कप्प्यात तुळशीची चुरा झालेली मंजिरी, संपलेला पास, आणि एक तिकीट. भविष्याची शाई उडाली आहे. आकडा शाबूत होता. चष्मा लावून दोनदा वाचला.

४७ किलो. पिशवीसकट.