ओल्या काँक्रीटवर झाडू

पोर्चमध्ये थापीने नुकतंच गुळगुळीत केलेलं ओलं काँक्रीट, आणि मिस्त्रींनी त्यावरून चक्क झाडू ओढला!

"अहो, हे काय करताय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ताई, आरशासारखं ठेवलं तर पहिल्याच पावसात पाय घसरेल," ते म्हणाले आणि पुढचा पट्टा ओढायला लागले.

मी वाकून पाहिलं. केसाएवढ्या बारीक, एकसारख्या रेघा, सगळ्या घरापासून अंगणाकडे जाणाऱ्या. उतारही तिकडेच, मीटरमागे जेमतेम 2 सेंटिमीटर. डोळ्यांना कळतही नाही, पण पाण्याला कळतो.

गेले कित्येक दिवस मी पोर्चसाठी फोटो जमवत होते. दगडी ठसा उमटवलेलं, रंगवलेलं, चकचकीत पॉलिश केलेलं. त्या फोटोंत ओल्या पायांनी धावत येणारं मूल किंवा काठी टेकत येणारं वयस्कर माणूस कुठेच नव्हतं. मलाही ते आठवलं नाही, याचंच वाईट वाटतंय.

सांध्यांचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेल्या चिरांचंही तेच. 10 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला साधारण अडीच-तीन मीटरवर चीर द्यावी लागते, जाडीच्या पाव भाग खोल. काँक्रीट आकसतं, तडा जाणारच; मग तो त्या चिरेतच जावा. आता त्या चिरा खांबांच्या रेषेत घेतल्यात. मोठे चौकोन पडलेत. फार देखणे दिसतात!

आता सात दिवस पाणी मारायचं. काठाशी कुंड्या ठेवू की बसायला बुटका कट्टा बांधू?