आधी ६० × ९० इंच, दुकानाचं नाव शेवटी

सोलापुरातल्या चादरी, टॉवेल आणि शेंगा चटणी विकणाऱ्या अनेक वेबसाइटींच्या पहिल्या पानाचं टायटल ‘होम’ किंवा ‘आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे’ एवढंच असतं. गूगलच्या निकालात मोठ्या अक्षरांत दिसते ती हीच ओळ, आणि गिऱ्हाइकाला तिच्यातून काहीच कळत नाही. त्याला चादरीचं माप हवं असतं. ती सुती आहे का, ठोक मिळते का आणि माल खरंच सोलापूरचा आहे का, हेही त्याला बघायचं असतं. टायटल लिहायला बसताना हे प्रश्न कागदावर उतरवून घ्या.

एका चादरीच्या पानासाठी असं टायटल चालेल: ‘सोलापुरी चादर ६० × ९० इंच, शंभर टक्के सुती, ठोक व किरकोळ’, आणि त्यापुढे उभी रेघ देऊन दुकानाचं नाव. हा क्रम मुद्दाम ठेवलाय. जागा संपली की गूगल उजवीकडून कापतं, त्यामुळे कापलं गेलं तरी चालेल ते शेवटी टाकायचं. दुकानाचं नाव ज्याला ठाऊक आहे तो ते टाइप करूनच येतो. शिवाय २०२२ पासून गूगल वेबसाइटचं नाव टायटलच्या वर वेगळं दाखवू लागलं आहे. तीन पिढ्यांचं नाव मागे टाकताना जिवावर येतं, ते समजू शकतो. पण नवं गिऱ्हाईक चादर शोधत असतं, नाव त्याला नंतर कळतं.

आता लांबी. ‘टायटल ६० अक्षरांत बसवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून दिलेला आहे. गूगलने अक्षरांची अशी मर्यादा घातलेली नाही. ते पडद्यावरची रुंदी बघतं, आणि कॉम्प्युटरवर ती साधारण ६०० पिक्सेल धरली जाते. ‘सोलापुरी’ या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण साधा मोजणारा प्रोग्रॅम आठ मोजतो, कारण ओकार, काना, उकार आणि वेलांटी त्याच्या लेखी वेगवेगळी चिन्हं आहेत. ‘ज्वारी’ दोन अक्षरांची दिसते आणि मोजली जाते सहा. काना आणि वेलांटी जागा खातात, उकार अक्षराखाली बसतो आणि रुंदी वाढवत नाही. म्हणून आकडा मोजणाऱ्या प्लगिनने (वेबसाइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने) लाल खूण दाखवली तरी मराठी टायटल निकालात पूर्ण दिसू शकतं. प्लगिनमध्ये पिक्सेलवर चालणारा प्रिव्ह्यू असेल तर तो बघा. नसेल तर एवढं पाळा: वस्तू, माप आणि गाव पहिल्या चार-पाच शब्दांत आलं पाहिजे.

मराठीत आणखी एक अडचण आहे ती विभक्तीची. लोक ‘सोलापुरी चादर किंमत’ असं टाइप करतात, आपण मात्र ‘सोलापुरी चादरीची किंमत’ असं लिहितो आणि मूळ शब्दाचं रूप बदलतं. विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन वाट निघते: ‘सोलापुरी चादर: किंमत, मापं, रंग’. शब्द मूळ रूपात राहतो आणि व्याकरणही मोडत नाही. ‘सोलापुरी चादर, सोलापूर चादर, चादर सोलापूर’ अशी माळ मात्र ओवू नका. ती वाचवत नाही, आणि अशी टायटलं गूगल स्वतः बदलू शकतं.

गूगल टायटल बदलतं याचा बऱ्याच जणांना धक्का बसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने ही पद्धत बदलली. टायटल टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं टायटल, पटला नाही तर ते पानावरच्या मुख्य मथळ्यातून किंवा त्या पानाकडे येणाऱ्या लिंकच्या शब्दांतून ओळ घेऊ शकतं. आपल्याकडे याची दोन कारणं वारंवार दिसतात. पहिलं लिपीचं: पान मराठीत आणि टायटल रोमन लिपीत. पानाच्या मुख्य भाषेशी आणि लिपीशी टायटल जुळलं नाही तर गूगल दुसरा मजकूर निवडू शकतं. दुसरं शिळ्या सालाचं. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या पानावर दर जानेवारीत मथळा नवा होतो, पण टायटलमध्ये गेल्या वर्षीचा आकडा तसाच राहतो. मथळा बदलाल त्याच वेळी टायटलही बदला.

डिस्क्रिप्शनने, म्हणजे टायटलखाली दिसणाऱ्या छोट्या वर्णनाने, निकालातला क्रमांक सुधारत नाही, पण निकाल वाचणारा माणूस त्यावरून क्लिक करायचं की नाही ते ठरवतो. प्रत्येक पानाला वेगळं डिस्क्रिप्शन द्या, दोन वाक्यं पुरतात. उदाहरणार्थ: ‘जॅकार्ड विणीची सुती सोलापुरी चादर, सिंगल आणि डबल मापात. ठोक मागणी २५ नगांपासून, माल सोलापुरातून थेट पाठवतो.’ यातला प्रत्येक शब्द पानावरही खरा ठरला पाहिजे. दुसऱ्या गावचा माल ठेवत असाल तर भौगोलिक मानांकनाचा (माल त्याच गावचा असल्याच्या जीआय नोंदणीचा) उल्लेख करू नका. गिऱ्हाईक फसतं, आणि इथल्या मागावर बसलेल्या माणसाचाही घास जातो.

लांबीच्या आकड्यामागे इथेही लागू नका. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ही जागा जवळपास दुप्पट केली होती आणि मे २०१८ मध्ये पुन्हा आखडली. महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात घाला. तरीही शोधाला जास्त जुळणारा मजकूर पानावर सापडला तर गूगल तोच उचलतं. पानावर नुसते फोटो असतील तर मेन्यूतले शब्दच निकालात येऊ शकतात, म्हणून फोटोंच्या वर एक नीट परिच्छेद हवाच. कीवर्ड्स टॅग, म्हणजे कोडमधली शोधशब्दांची यादी, भरत बसू नका. क्रमांकासाठी तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं आहे.

हाताने कोड लिहिणाऱ्यांची एक चूक चादरीच्या धंद्यात नेहमी होते. इंचासाठी दुहेरी अवतरण चिन्ह टाकतात, आणि डिस्क्रिप्शन त्याच चिन्हात गुंडाळलेलं असल्यामुळे ब्राउझरला वाटतं की मजकूर तिथेच संपला. निकालासाठी उरतं फक्त ‘सोलापुरी चादर ६०’. सरळ ‘इंच’ हा शब्द लिहा. दुसरी चूक छापखान्याकडून आलेल्या मजकुराची. तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवू नका, नाहीतर निकालात अगम्य रोमन अक्षरं उमटतात. तपासायला पानावर कंट्रोल आणि यू दाबा, कोड उघडेल, त्यात टायटल टॅग शोधा. थीम (वेबसाइटचा तयार साचा) आणि प्लगिन दोघांनीही टायटल छापलं असेल तर एकाचं बंद करा.

बदल केल्यावर सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनातल्या यूआरएल (पानाचा पत्ता) तपासणीतून पान पुन्हा वाचायची विनंती करा. नवी ओळ दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पुढे २८ दिवसांची तुलना बघताना नुसते क्लिक मोजू नका. थंडीत चादरींची मागणी वाढते, आषाढीच्या सुमारास पंढरपूरच्या लॉजची, आणि क्लिक त्यामुळेही वाढलेले असतात. पान किती वेळा दिसलं आणि त्यातून किती टक्के लोक आत आले ते बघा, आणि सरासरी क्रमांक तोच राहिलाय ना याची खात्री करा. पहिल्या दहात असूनही लोक येत नसतील तर टायटल पुन्हा लिहा. पान तिसाव्या क्रमांकावर असेल तर टायटलला हात लावायच्या आधी पानावरचा मजकूर वाढवा: मापं, वजन, धुण्याची पद्धत, भाव.