लाँगला दोन, एक कॅटवर

गेममधल्या बिल्डिंगमधे वॉचमन नसतो की ज्याला विचारावं बाबा जिना कुठाय, तरी पोरं तिथं डोळे मिटून फिरतात. माझा भाचा काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळतो, त्यातला डस्ट टू हा मॅप, म्हणजे लढायची जागा, 2001 चा, म्हणजे वयानं भाच्यापेक्षा मोठा, आणि हा हेडफोन लावून ओरडत असतो, "लाँगला दोन, एक कॅटवर, अरे टनेल बघ ना!" म्हणजे लाँग नावाच्या वाटेवर दोन शत्रू, एक कॅटवॉक नावाच्या वाटेवर, आणि कुठल्या कुठं बसलेल्या दुसऱ्या पोराला ते लगेच कळतंसुद्धा.

आमच्या वेळी असाच गोळीबाराचा गेम म्हणजे 1992 चं वुल्फेनस्टाइन थ्रीडी होतं. सगळे कोपरे काटकोनात, निळ्या दगडांच्या खोलीतून बाहेर पडलं की परत निळ्या दगडांचीच खोली, दार आपोआप मागं बंद होणार आणि नकाशा नाहीच. मग खूण काय, तर आपणच मारलेले शिपाई. ते जिथं पडले तिथंच पडून राहायचे, त्यामुळे मेलेला शिपाई दिसला की कळायचं, इथं येऊन गेलोय. 1993 ला डूम आला, त्यात टॅब दाबला की नकाशा दिसायचा, पण खरं सांगू का, नकाशात बघत बघत फिरलं की वाट लक्षात राहत नाही, बाण तेवढा लक्षात राहतो.

खऱ्या बिल्डिंगमधे आपण वळलो की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला कळतं, किती चाललो ते पायांना कळतं. गेममधे मनगट दोन इंच हललं की आपण गर्रकन उलटे, आणि बूड मात्र खुर्चीत तसंच. म्हणजे शरीर काहीच सांगत नाही, सगळा भार डोळ्यांवर. तरीही जमतं. रॉय रडल नावाचा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1997 मधे लोकांना कॉम्प्युटरवरच्या बिल्डिंगमधे फिरवून बघितलं, तर फिरून फिरून वाटा जवळजवळ बिनचूक पाठ झाल्या. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ओळखीच्या, रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्या तर त्यांचा वाट सापडायला उपयोग झाला, अमूर्त चित्रं लावली त्यांचा काही फायदा झाला नाही. आता यात नवल काय, पुण्यात कोणी "त्या त्रिकोणी रंगीत पेंटिंगवरून डावीकडे" असा पत्ता सांगितलाय का कधी, आपण रसवंतीवरूनच वळणार.

पोरांनी नेमकं हेच केलंय. डस्ट टूमधे लांबलचक वाट ती लाँग, मधला भाग मिड, खड्डा तो पिट, गाडी उभी आहे तिथं कार. नावं कुणी कमिटी बसवून दिली नाहीत, खेळता खेळता पडली आणि जगभर चालली, आणि एकदा नाव पडलं की ती जागा डोक्यात पक्की बसते असा माझा अंदाज. बिननावाचे कोपरे मला तरी कायम एकसारखेच वाटतात.

परवा भाच्याला म्हटलं, कागदावर काढून दाखव की. त्यानं पेन घेतलं, "थांब मामा" म्हणाला आणि मिनिटभरात काढला पण, कुठून कुठं जाता येतं ते सगळं बरोबर, मी नंतर खऱ्या नकाशाशी ताडून बघितलं. मापं मात्र काहीच्या काही! लाँगच्या दाराजवळचा कोपरा सगळ्यात मोठा काढलेला, अख्ख्या मिडपेक्षा मोठा. म्हटलं हे एवढं मोठं का रे, तर म्हणे, "तिथं मी सारखा मरतो ना."