श्रावणातली कार्डे

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, भाद्रपदात, म्हणून तिची शुभेच्छा-कार्डे हाताने करायची ती श्रावणात. आणि श्रावणात गोव्यातल्या घरी तळलेला पापड जसा अर्ध्या तासात मऊ पडतो, तसाच ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) ताठ कार्डपेपरही मान टाकतो. व्हिडिओत बघताना सोपे वाटलेले काम इथे फसते, त्यात हाताचा दोष थोडा आणि हवेचा जास्त. नाताळची कार्डे त्या मानाने सुखाची. डिसेंबरात शाई शहाण्यासारखी वाळते.

सुरुवात कागदाच्या ग्रेनपासून. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू एका दिशेला झोपतात. ओल शोषली की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात, म्हणून कागद ग्रेनला आडवा पसरतो. घडी ग्रेनच्या दिशेतच हवी. आडवी घातली तर कडेला भेगा पडतात आणि कार्ड उभे ठेवले की हळूहळू वाकडे तोंड करते. दिशा ओळखायला कागद एकदा लांबीत, एकदा रुंदीत अलगद वाकवून पाहावा. जिकडे कमी अडतो, घडी तिकडेच. आधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. मागे उठलेला उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे. बरेचजण नेमके उलटे करतात आणि मग कागदाला नावे ठेवतात.

ठशांची शाई दोन जातींची. डाय शाई कागदात मुरते, लवकर सुकते, पण ओलसर कागदावर तिच्या कडा पसरतात. पिगमेंट शाई वर बसून राहते, रंग गडद देते, आणि पावसाळ्यात गुळगुळीत कागदावर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. याच आळशीपणाचा उपयोग एम्बॉसिंगला, म्हणजे ठसा उठावदार करायला होतो. कागदावर उमटलेल्या ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जादा झटकून परत डबीत भरायची आणि हीट गनने वितळवायची. केस सुकवायचा ड्रायर इथे चालत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वारा पावडर उडवून लावतो. दमट कागदावर ही पावडर नको तिथेही चिकटते, ठशाभोवती गोवर आल्यासारखी. म्हणून ठसा मारण्याआधीच कोऱ्या कागदावर काही सेकंद गन फिरवावी, गार होऊ द्यावा, मग टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच थोपटावी. पारदर्शक ठसा नवा असेल तर शाईचे थेंब थेंब होतात. त्यावर खोडरबर एकदा फिरवला की शाई सारखी बसते. ठसा सरळ खाली दाबायचा, डोलवायचा नाही.

आता अक्षरे. बाजारात तयार ठसे बहुतेक रोमन अक्षरांचे. देवनागरीची सुटी अक्षरे मारत गेले तर शिरोरेघ कुठेच जुळत नाही, ‘शुभेच्छा’ गळक्या छपरासारखी दिसते. ही अडचण गोव्याला जुनीच. छापखाना इथे १५५६ साली आला, तरी १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापले गेले ते मराठी भाषेत, पण रोमन अक्षरांत. आपल्याला एवढे हतबल व्हायचे कारण नाही, कारण अख्खा शब्द एका मोठ्या खोडरबरात कोरता येतो. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द सुलटा लिहायचा, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासायचा. शब्द आपोआप उलटा उतरतो. कोरताना आधी पोकळ्या काढाव्यात: ‘भ’ची गाठ, ‘च्छ’मधली फट. बाहेरची बाजू मागाहून. पाते बाहेरच्या दिशेला कलते धरायचे, म्हणजे अक्षराचा पाया वरच्यापेक्षा रुंद राहतो. उभे किंवा आत कलते धरले तर पाया पोखरतो आणि आठ-दहा ठशांत मात्रा तुटून पडते. शिरोरेघ दीड मिलिमीटरपेक्षा बारीक नको. एवढे करूनही ती कुठे अर्धवट उमटली तर पट्टी ठेवून पेनाने ओढून टाकावी, कोणी विचारायला येत नाही.

त्याच रबरातून उरलेला तीन सेंटिमीटरचा चौकोनही वाया घालवू नये. पणजीत फोंतेनहासच्या गल्ल्यांत भिंतीवर अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धर्तीच्या नक्षीदार फरश्या दिसतात, तशा नक्षीचा फक्त पाव भाग कोरायचा आणि दर वेळी काटकोनात फिरवत चारदा मारायचा. निळ्या शाईत पूर्ण फूल तयार.

रंगीत पेन्सिलींना मात्र हवेची फारशी भीती नाही, त्यांच्यात पाणीच नसते. गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीतले कवंडळ, हे लाल रानफळ, रंगवायचे तर चमकेची जागा पांढरी सोडून आधी सगळीकडे पिवळा, मग नारिंगी, मग लाल, प्रत्येक थर टोकदार पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. सावलीला काळा नको, गडद हिरवा द्यावा. लालावर तो छान मातकट होतो. पहिल्याच थराला जोर लावला तर कागदाचा खरखरीतपणा मेणाने बुजतो आणि पुढचे रंग घसरत राहतात. चोळून गुळगुळीत करायचे ते अगदी शेवटी, पांढऱ्या पेन्सिलीने.

चिकटवायला फेव्हिकॉल हाताशी असतोच, पण त्यात पाणी आहे. मोठा कागद त्याने चिकटवला की लाटा उठतात. मोठ्या भागांना दुहेरी टेप, फेव्हिकॉल फक्त बारीक पाकळ्यांना, तोही टाचणीच्या टोकाने. फोम टेप जपून वापरावी. तिच्यावर उचललेले फूल पाकिटातून टेंगळासारखे वर येते आणि टपालाचा शिक्का नेमका त्यावरच बसतो.

वजनाचा हिशेबही आधीच करावा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ३०० जीएसएमचा अख्खा ए४ कागद पावणेएकोणीस ग्रॅमचा, पाकीट घातले की टप्पा ओलांडलाच. ए५, म्हणजे त्याच्या अर्ध्या कागदाची घडी घातलेले कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत बसते, सी६ पाकिटात नीट मावते, आणि पाकीट धरूनही सजावटीला पाच-सहा ग्रॅम उरतात. पत्ता जेल पेनाने लिहू नये. पोस्टमन भिजत येतो, पाकीटही भिजते, आणि पिनकोडातले ४०३ नंतरचे तीन आकडे निळ्या डागात वाहून जातात. तिथे साधे बॉलपेनच बरे.