कॉलर बेतायला शिकताना

ब्लाऊज आणि कुर्त्यांवर हात बसला होता, पण नवऱ्यासाठी फुल शर्ट शिवायचं ठरलं तेव्हा कॉलरसाठी मुद्दाम एका जुन्या मास्तरांकडे गेले. त्यांनी आधी पेपर कटिंगवरचा गळा मोजायला लावला. तोही कापायच्या रेषेवर नाही, शिलाईच्या रेषेवर, टेप कडेवर उभी धरून. निम्मा गळा पावणेआठ इंच भरला. स्टँडला, म्हणजे मानेभोवती उभ्या राहणाऱ्या खालच्या पट्टीला, त्यापुढे बटणपट्टीचा पाऊण इंच वाढवायचा. वरची कॉलर मात्र पावणेआठलाच थांबवायची, नाहीतर बटण लावल्यावर दोन्ही टोकं एकमेकांवर चढतात.

खरी गंमत गोलाईत आहे. मान वर निमुळती होत जाते, त्यामुळे सरळ पट्टीचा स्टँड मानेपासून सुटा राहतो. पट्टीचं पुढचं टोक अर्धा इंच वर उचललं की वरची कड आखूड होते आणि स्टँड मानेला लागून बसतो. मास्तरांचं ऐकून मी मांजरपाटात दोन्ही कापून टाचून पाहिले. फरक लांबूनही कळत होता! वरच्या कॉलरचं उलट. ती स्टँडवरून पडते, म्हणून तिची बाहेरची कड लांब हवी आणि गोलाई विरुद्ध दिशेला. मागे स्टँड सव्वा इंच, तर कॉलर पावणेदोन. त्याहून कमी घेतली तर स्टँड गळ्याला जोडल्याची शिलाई उघडी पडते.

हे डोक्यात बसल्यावर भाचीच्या फ्रॉकची पीटर पॅन कॉलर, म्हणजे गोल टोकांची पसरट कॉलर, सोपी गेली. पुढचा-मागचा भाग खांद्याला जुळवायचा, मुंढ्याकडे (बाही जोडतात त्या बाजूला) अर्धा इंच एकमेकांवर चढवायचा आणि त्यावरून कॉलर काढायची. बाहेरची कड तेवढीच आखूड होते, कॉलर जराशी उठते आणि शिलाई झाकते.

शर्टाच्या कॉलरचा खालचा थर बाहेरच्या कडांना एक सूतभर कमी कापला, म्हणजे टोकं वर न वळता खाली झुकतात. कॅनव्हास, म्हणजे ताठपणासाठीचं आतलं कापड, फक्त वरच्या थराला, आणि टोकांवरच्या शिलाईतून तो काढून टाकलेला. टोकावर एक टाका आडवा घेतला की ते स्वच्छ उलटतं. कात्रीने टोचून काढायची सवय असेल तर सोडा; कापड फाटतं.

कडेची वरून दिसणारी दाब शिलाई मारायच्या आधी शर्ट कच्चाच नवऱ्याला घालायला लावला, वरचं बटण टाचणीने लावून. मान डावी-उजवीकडे वळवून तो म्हणाला, "टाचणी काढ आधी." बोट आरामात आत जात होतं, तेवढं मला पुरे होतं.