दिवाळी, कापूस आन् आमची ओसरी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोघं एकदमच शिरतात, पाहुणे आन् कापूस. सीतादई, म्हणजे कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झालेली असते, मागची खोली सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेली, मग कापूस टाकायचा कुठं तर समोरच्या खोलीत, आणि वावरातून येणारा प्रत्येक जण पायाला काळी माती घेऊनच येतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचं खेडं आहे आमचं. ओसरीत शहाबादी फरशी, नव्या दोन खोल्यांत चकचकीत टाइल्स आणि चुलीची खोली अजूनही शेणानं सारवलेली, म्हणजे एकाच घरात तीन तऱ्हा.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी हुशारी केली होती. भिंतींना चुना मारताना शहाबादीवर थेंब सांडले, घासून निघेनात, म्हणून मी न्हानीतली ऍसिडची बाटली आणून सरळ ओतली. फस्सकन फेस आला, मला वाटलं वा, काय मळ निघतोय! वाळल्यावर बघते तर हातभर लांब पांढरट, खरबडीत पट्टा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या आणि म्हणाल्या, "काय टाकलं वं माय हे? दगड खाल्ला नं त्यानं!"

खरंच खाल्ला होता. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, कर्नाटकातल्या शहाबादकडचा, ऍसिड पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो फेस मळाचा नाही तर फरशीचाच. लिंबू आन् व्हिनेगर पण तेच करतात, फक्त हळूहळू. मोबाईलवर लिंबानं फरशी चमकवायचे व्हिडीओ दिसले की माझ्या पोटात गोळाच येतो. कोटा आणि संगमरवरालाही ते चालत नाही बरं.

तेव्हापासून आधी कोरडा फडा, मगच ओलं पोतेरं. माती तशीच असताना पाणी मारलं की टाइलच्या सांध्यात चिखल जाऊन बसतो, आणि मातीतली बारीक रेती पोतेऱ्याखाली घासली गेली की चकाकी गेलीच समजा. उंबऱ्याबाहेर बारदाना अंथरते, एक कोरडा, एक ओला, मामंजी दोन्हींवरून उडी मारून येतात ते सोडा. रंगासाठी कपाट सरकवायचं असेल तर पायांखाली जुनं पोतं घालून ओढायचं, आमच्या टाइलवरची ती लांब रेघ तशी न ओढल्याची आहे.

तेलाचं मात्र जपावं लागतं. नव्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवल्या की त्या तेल कमी पितात, तरी खाली ताटली ठेवतेच. शहाबादीवर तेल सांडलंच तर पुसायची घाई नाही करायची, पुसलं की पसरतं, वरून ज्वारीचं पीठ टाकायचं, ते तेल ओढून घेतं, मग झाडायचं. मेणबत्तीचं मेण पूर्ण थंड होऊ द्यायचं आन् जुन्या एटीएम कार्डानं खरवडायचं, सुरी नको. गेरू टाइलवर लावूच नका, सांध्यांमध्ये लाल रेघा बसतात, आमच्याकडं दोन वर्षं होत्या. आणि अनार, चक्री अंगणातच, पोरं कितीही रडली तरी, कारण तो काळा गोल डाग शहाबादीवरून माझ्याच्यानं तरी पूर्ण निघालेला नाही.

चुलीच्या खोलीला यातलं काहीच लागत नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आई ताजं शेण आणि थोडी माती कालवतात, माती जास्त झाली की वाळून भेगा पडतात म्हणून माझ्या हातात ते अजून देत नाहीत, आणि हाताचे अर्धगोल मारत मारत दारापर्यंत मागे सरकतात. पोपडा निघाला तर पुढच्या खेपेला त्याच्यावरूनच हात फिरवायचा, विषय संपला.

ऍसिडच्या पट्ट्यावर मी वर्षभर बाज टाकून ठेवते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र आई ती बाज स्वतः उचलायला लावतात आणि बरोबर त्याच जागेवर रांगोळी काढायला बसतात. मी लाजून म्हटलं, आई, तिथं कशाला? तर म्हणे, "खरबडीत हाय नं, रांगोळी उडत नाही इथली."