फोर्ड मॉडेल ए : उजवीकडे खेचण्याचं मूळ सापडलं

मंडळी, गाडी ब्रेक लावल्यावर उजवीकडे का जाते ते अखेर कळलं. पेडलची ओढ चाकांपर्यंत नेणारे रॉड नाहीत, त्यांच्या सांध्यातल्या पिना नाहीत, ती ओढ चारही रॉडना वाटणारा आडवा क्रॉस शाफ्टही नाही. पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ते गोल भांडं, ज्याला आतून शू दाबले की ब्रेक लागतो. तोही थंड असताना निर्दोष आणि तापला की कामातून गेलेला, म्हणून तर इतके दिवस हाताला लागत नव्हता. या वेळी इंजिन, वायरिंग, हूडचं कापड यांबद्दल काहीच लिहीत नाही. सगळी नोंद ब्रेकची.

मागच्या नोंदीत गाडी कुठे होती ते दोन ओळींत. १९३० ची मॉडेल ए, उजव्या हाताचं स्टीअरिंग, चारही चाकांना रॉडचे ब्रेक. मागे लाइनर (शूवरचे घासणारे थर) नवे, पुढे लाइनर नवे, क्रॉस शाफ्टचे बुश बदललेले. घोड्यांवर (गाडी उचलून धरणाऱ्या स्टँडवर) चढवून चाकं हातानं फिरवली की चारही सारखी धरत होती. रस्त्यावर काढली की सुरुवातीला सरळ थांबायची आणि ठाण्यात माजिवड्याच्या गर्दीत दहा-पंधरा मिनिटं काढली की नाक उजवीकडे. आपल्याकडे उजवीकडे म्हणजे थेट समोरून येणाऱ्या टीएमटीच्या बसच्या अंगावर. त्यामुळे हा प्रश्न सुटेपर्यंत गाडी घोडबंदर रोडला न्यायची नाही असं घरी कबूल केलं होतं आणि ते पाळलं.

आधी दोन लहान गोष्टी सांगतो, कारण त्यांचा आनंद वेगळाच आहे.

पहिली, डाव्या बाजूचा पुढचा रॉड. सुटा करून काचेवर ठेवला, बाजूनं दोरा ताणला, तर मधोमध अर्ध्या सुताचं पोट (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). केव्हातरी कुणीतरी त्याच्याखाली जॅक लावला असणार. वाकलेला रॉड ओढला की तो आधी सरळ होतो, मग चाकापर्यंत ओढ पोचते. पायाला ते स्प्रिंगसारखं लागतं आणि ते चाक बाकीच्यांच्या मागे राहतं. त्याच जाडीच्या ब्राइट बारमधून नवा रॉड केला. दुसरी, क्लेव्हिसच्या, म्हणजे रॉडच्या टोकाच्या दुबेळक्या सांध्यातल्या, पिना. जुनी भोकं सगळी अंडाकृती झाली होती. रीमरनं भोकं साफ गोल करून एक माप वरच्या पिना बसवल्या आणि पेडलची फुकट जाणारी चाल जवळजवळ निम्मी झाली. आता पाय ठेवला की लगेच काहीतरी सांधल्याचं जाणवतं. हे सुख ज्यांनी रॉडचे ब्रेक केलेत त्यांनाच कळेल.

पिनांबद्दल एक सूचना. ‘हार्ड केलेल्या’ म्हणून ज्या पहिल्या पिना विकत आल्या त्यांवर कानस लोण्यासारखी चालत होती. त्या सगळ्या बाजूला टाकल्या. कोणाकडूनही आणा, पण दुकानातच कानशीचा एक हात मारून बघा. कानस घसरली तर पिन घ्या, धरली तर परत द्या. रीमर मात्र नागदेवी स्ट्रीटवरून आणला आणि तो सोन्यासारखा निघाला. अ‍ॅडजस्टेबल रीमरच्या नादी लागू नका, या कामाला ठरावीक मापाचाच हवा.

एवढं करूनही खेच तशीच होती. थोडी कमी, पण तीच.

इथे रॉडच्या ब्रेकचा मूळ स्वभाव लक्षात घ्यायला हवा. हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब सगळीकडे सारखा असतो. एका चाकाचा शू जास्त लांब जायचा असेल तर तेल तिकडे जास्त जातं आणि शेवटी दोन्हीकडे दाब बरोबर येतो. आपल्या गाडीत क्रॉस शाफ्ट फिरतो आणि चारही रॉडना ठरावीक चाल देतो. चाल वाटली जाते, जोर नाही. ज्या शूला ड्रम गाठायला जास्त अंतर जावं लागेल त्याच्या वाट्याला जोर कमी. मधे समतोल साधणारी कसलीच यंत्रणा फोर्डनं ठेवली नाही. म्हणून चारही चाकांचं अंतर आपण हातानं सारखं करायचं आणि ते सारखं राहील याची काळजीही आपणच घ्यायची. ड्यूझेनबर्गनं १९२१ मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक दिले, क्रायस्लरनं १९२४ मध्ये, आणि १९२८ ला आलेल्या प्लिमथसारख्या स्वस्त गाडीतही ते होते. हेन्री फोर्ड मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत रॉड आणि केबल सोडायला तयार नव्हता. ‘पेडलपासून चाकापर्यंत पोलादाची सुरक्षितता’ अशी त्यांची जाहिरातच होती. माझं मत विचाराल तर पोलादावर माझाही विश्वास आहे. नीट जुळवलेले रॉडचे ब्रेक वर्षानुवर्षं तसेच राहतात, गळत नाहीत, सील फुगत नाहीत. ‘हायड्रॉलिक करून टाक, एका आठवड्यात मोकळा होशील’ असं सांगणाऱ्या सगळ्यांना म्हणूनच नाही म्हटलं आहे आणि पुढेही म्हणणार.

तर प्रश्न असा होता : घोड्यांवर सगळं सारखं आणि रस्त्यावर नाही, मग या दोहोंत फरक काय? घोड्या अ‍ॅक्सलखाली लावल्या होत्या, चासीखाली नाही, म्हणजे वजनामुळे रॉडची भूमिती बदलते हा मुद्दा गेला. राहिले दोन, जोर आणि उष्णता. जोर तपासायला खाचांची फळी लावली. सीटच्या चौकटीत आणि पेडलवर अडकवायची. पहिल्या खाचेत मागची चाकं घासायला लागतात, दुसरीत मागची घट्ट आणि पुढची घासतात, तिसरीत चारही धरतात. तिसऱ्या खाचेतही दोन्ही पुढची चाकं सारख्याच जोरानं हलत होती. म्हणजे उरली फक्त उष्णता.

मग रविवारी सकाळी उपवन तलावाहून येऊरच्या डोंगरावर गेलो आणि उतारावर मुद्दाम पाय ठेवून खाली आलो. सोबत ती बंदुकीसारखी तापमान मोजणारी वस्तू होती, स्वस्तातली, पण अशा कामाला पुरेशी. भाचा शेजारी बसला होता, थांबलो की तो उतरून दोन्ही ड्रमवर नेम धरायचा. उताराच्या वरच्या भागात डावा ड्रम ११० अंशांच्या आसपास आणि उजवा ९० ला. डावा जास्त गरम! मला उलट अपेक्षा होती, कारण डावा कमी धरतो ना. खाली तलावाशी पोचेपर्यंत चित्र पालटलं : उजवा १६० च्या पुढे आणि डावा १२० वरच अडकलेला. आणि तोवर गाडी स्पष्ट उजवीकडे ओढत होती.

हे आकडे घरी कागदावर मांडले तेव्हा सगळं उलगडलं. डावा ड्रम आधी झटकन तापतो, म्हणजे त्यात धातू कमी आहे. तापून तो फुगतो, शूपासून लांब जातो, त्याचा जोर उतरतो. मग सगळं काम उजव्यावर पडतं आणि तो तापत जातो.

ड्रम उतरवून वागळे इस्टेटला तात्यांच्या गाळ्यावर नेला. तात्यांच्या लेथवर या गाडीचा निम्मा खालचा भाग होऊन गेलाय. त्यांनी तो बोटाच्या पेरानं वाजवला, आवाज ऐकला आणि म्हणाले, “साहेब, ह्याला ड्रम कशाला म्हणता, हा तर बिस्किटाचा डबा झालाय.” माप घेतलं. मूळ व्यास ११ इंच. उजवा ११ इंच १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). डावा ११ इंच ७० थाऊ, शिवाय तोंडाशी हबच्या बाजूपेक्षा आठ थाऊ जास्त. म्हणजे कधीतरी तो लेथवर आतून भरपूर कापला (टर्न केला) गेलाय आणि मूळचा पत्र्यातून दाबलेला स्टीलचा ड्रम असल्यामुळे भिंत जेमतेम उरली आहे. हबकडची बाजू ताठ, तोंडाकडची मोकळी, त्यामुळे तापला की घंटेसारखा तोंडाशी पसरतो.

हिशेब करून बघा. ११ इंच म्हणजे २७९ मिलिमीटर. स्टील १०० अंश तापलं की या व्यासावर सुमारे तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढतं. शूच्या एका बाजूला त्याच्या निम्मं. ऐकायला काहीच नाही, पण पेडल ते शू या प्रवासात चाल कितीतरी पटींनी कमी केलेली असते, म्हणून शूकडचं ते थोडंसं अंतर पायाखाली चांगलंच मोठं होऊन येतं. शिवाय पातळ भिंत शूच्या दाबानंही वाकते.

खडूची परीक्षाही केली. ड्रमच्या आतून खडू फासला, बसवला, हलका ब्रेक लावून चाक फिरवलं, परत उतरवला. उजव्याच्या लाइनरवर खडू टोकापासून टोकापर्यंत. डाव्याच्या लाइनरवर फक्त मधोमध चार बोटं रुंद पट्टा, दोन्ही टोकं कोरी करकरीत. ड्रम मोठा आणि शूची गोलाई लहान, मग टेकणार तरी कुठे? त्या चार बोटांवर पुढच्या डाव्या चाकाचा सगळा ब्रेक चालला होता.

(लाइनरची धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गाळ्यात काम करणारी पोरं तीच हवा घेत असतात.)

आता उपाय. हे लिहायला बसलो तेव्हा ठरलं होतं की डाव्या ड्रमला बाहेरून तापवून स्टीलची कडी चढवायची, म्हणजे ती गार होऊन आवळेल आणि फुगणं थांबेल. मॉडेल ए वर ही युक्ती पूर्वीपासून वापरतात. पण वरचे आकडे लिहितानाच लक्षात आलं की कडी फुगणं रोखेल, आधीच गेलेले ७० थाऊ परत आणणार नाही. आणि एकाच बाजूला कडी चढवली की दोन्ही ड्रमचं वजन आणि तापण्याचा वेग पुन्हा वेगळा. ज्या असमानतेशी भांडतोय तीच दुसऱ्या रूपात. म्हणून कडी रद्द.

बिडाचे ड्रम करायचे. दोन्ही पुढचे, एकाच ओतकामातले. बीड स्टीलपेक्षा फार कमी प्रसरण पावतं असा एक समज आहे, फरक खरं तर थोडाच आहे. खरा फायदा जाड भिंतीचा : धातू जास्त म्हणून हळू तापतो, ताठ म्हणून दाबाखाली वाकत नाही, आणि घासायला बिडाचा पृष्ठभाग स्टीलपेक्षा कितीतरी चांगला. परदेशातून तयार जोडी मिळते, पण तिच्या किमतीवर वाहतूक आणि कस्टम चढलं की माझा वर्षाचा हात आखडतो. रबाळ्याला एक लहान फाउंड्री आहे, ते एफजी २२० प्रतीचं बीड नेहमी ओततात आणि दोन नगांचं काम घ्यायला तयार आहेत. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, मी लाकडात करणार. बीड थिजताना शंभराला एक या प्रमाणात आकसतं, त्यावर टर्निंगसाठी बाजूला दोन सुतं जादा धरली आहेत.

जुने ड्रम हबपासून सुटे करणं हे वेगळं काम आहे. चाकाचे स्टड ड्रम आणि हबमधून घालून मागून ठोकून पसरवलेले असतात. ते प्रेसवर नुसते ढकललेत तर हबची भोकं ओरबाडतात. पसरलेला भाग आधी पोकळ कटरनं कापायचा, मग ढकलायचे. तात्या तो कटर चांदीच्या दागिन्यासारखा जपून करतायत, ईएन २४ या मजबूत पोलादातून. आणि शेवटचा कट ड्रम हबवर बसवून, बेअरिंगच्या कपांवरून सेंटर धरूनच घ्यायचा. सुटा ड्रम टर्न करून मग हबवर बसवला तर तो हमखास बाहेर जातो.

तोवर गाडी उभी ठेवायची का? काल रात्रीपर्यंत उत्तर हो असं होतं. आज सकाळी वाटलं, डाव्या शूवर जरा जाड लाइनर रिव्हेट करून त्याची गोलाई त्या ७० थाऊवाल्या ड्रमला घासून जुळवली, तर निदान पूर्ण टेकेल. गरम झाल्यावरचं दुखणं राहीलच, पण चार नोव्हेंबरपर्यंत सोसायटीच्या आवारात आणि उपवनपर्यंत फिरवायला हरकत नाही. लाइनर विणलेलाच घेणार. हल्लीचे साच्यातले कडक लाइनर बूस्टर असलेल्या गाड्यांसाठी असतात. आपल्याकडे जोर फक्त पायाचा, तिथे मऊ विणलेला लाइनरच धरतो. ज्यांना कडक लाइनर लावून ‘पेडल लाकडासारखं लागतं’ अशी तक्रार आहे त्यांनी एकदा बदलून बघावा.

एक मदत हवी आहे. कुणाकडे मॉडेल ए चा कधीच टर्न न केलेला पुढचा ड्रम असेल तर त्याची भिंत तोंडाशी आणि हबकडे किती जाड आहे ते थाऊमध्ये मोजून कळवा, आणि बॅकिंग प्लेटच्या (शू जिच्यावर बसतात त्या मागच्या तबकडीच्या) कडेपासून ड्रमच्या तोंडापर्यंत किती फट राहते तेही. बिडाची भिंत जाड केली की बाहेरून चाकाच्या तारांना लागणार नाही ना, याचा हिशेब त्यावरच आहे. माप मिळेपर्यंत पॅटर्नचं लाकूड कापत नाही.